शेठजी बसले की तापणारी गाडी

मानवजातीचा इतिहास म्हणजे माणसाने उन्हाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे, हे मला एका मे महिन्याच्या दुपारी अगदी लख्ख दिसले होते. त्या वेळी मी एका परदेशी मोटारीच्या मागच्या बाकावर बसून दोरी ओढत होतो. दोरी ओढली की गाडी गार होईल असे मला सांगण्यात आले होते. गाडी गार होत नव्हती, मी मात्र घामाने निथळत होतो. फार घाम आला की माणसाला मोठे विचार सुचतात. अंघोळ केल्यावर ते राहत नाहीत.

हे आज आठवायचे कारण जावयाची मोटार. तिचा एसी परवा बंद पडला, आणि गोंदियातल्या एका मेकॅनिकच्या दारात, कडुनिंबाखालच्या स्टुलावर, मी सकाळपासून बसून आहे. मेकॅनिकने दोन काट्यांचे मीटर लावून पाहिले, नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी सोडले आणि कुठे बुडबुडा येतो का ते बघत बसला. एका जोडावर आला. "गैस निकल रही है, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही विशेष नव्हते. रोग सापडल्याचा आनंदही नाही आणि रोग्याची कीवही नाही. मला तो माणूस आवडला. बिघाड शोधणारा माणूस असाच कंटाळलेला असावा. उत्साही माणसे आधी ठरवतात आणि मग शोधतात.

रस्त्यावरून पोत्यांनी, आमच्या भाषेत बोऱ्यांनी, लादलेला एक ट्रक गेला आणि मागे वास सोडून गेला. तेंदूच्या, म्हणजे विडीच्या, वाळत्या पानांचा वास सांगता येत नाही. थोडा चहाच्या भुकटीसारखा, थोडा जुन्या वहीसारखा आणि बराचसा उन्हासारखा. पानाचा हंगाम आला तर. आमच्याकडे वैशाखाची वर्दी कोकिळा देत असेल, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि राजधानी नागपूर. मी शाळामास्तर होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत देवरीजवळच्या एका फडीवर मुन्शी म्हणून जात असे. फडी म्हणजे जंगलाच्या कडेची साफ केलेली मोकळी जागा. पहाटे माणसे जंगलात जाऊन पाने तोडत, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधत आणि उन्हे कलली की फडीवर आणून देत. पुडे मातीवर रांगांनी मांडायचे, उलटायचे, खडखडीत वाळवायचे, मग बोऱ्यांत भरायच्या आधी त्यांवर पाणी मारून पुन्हा नरम करायचे. आधी वाळवायचे आणि मग भिजवायचे, यात काय शहाणपण आहे असे मला पहिल्या वर्षी वाटले होते. नंतर मी शाळेत मुलांना शिकवतो ते आठवले आणि गप्प बसलो.

त्या हंगामातले मला जे आठवते ते बहुतेक थकव्याचेच आहे. अकरानंतर पक्षी बोलत नसत. मातीच्या माठातले पाणी दुपारपर्यंत कोमट होई. झाडाखाली पडलेला माणूस झोपला आहे की नुसता पडला आहे हे त्यालाही सांगता आले नसते. वहीवर लिहिताना मनगटाखालचा कागद ओला होई, म्हणून मी हाताखाली तेंदूचे पान ठेवीत असे. त्या वर्षीच्या वहीत पानोपानी शिरांचे ठसे आहेत. ती वही मी नंतर बरीच वर्षे जपली आणि मग ती वाळवीने जपली.

आमच्या फडीचे ठेकेदार गोंदियाचे शेठजी. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणतीही गोष्ट आपल्याकडे आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे, ती आहे हे रस्त्याने दिसावे लागे. त्यांनी त्या वर्षी नागपुरात एका परत निघालेल्या गोऱ्या साहेबाची मोटार घेतली होती. मोटारी गोंदियात आणखीही होत्या. पण हिच्या मागच्या डाव्या खिडकीला बाहेरून एक पत्र्याचे नळकांडे टांगलेले होते, अंघोळीच्या बंबाएवढे. त्याच्या पुढच्या तोंडातून वारा शिरायचा, आतल्या ओल्या वाळ्याच्या गुंडाळीतून जायचा आणि गार होऊन खिडकीतून आत यायचा. तळाशी पाणी असे. आतून एक दोरी होती. ती ओढली की वाळ्याची गुंडाळी फिरून पाण्यात बुडे आणि ओली होऊन वर येई. जुन्या काळी साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढायला व्हरांड्यात माणूस बसवत. विज्ञानाने त्या माणसाला काढले नाही, उचलून मोटारीत बसवले एवढेच. शेठजी फडीवर आले की तो माणूस मी असे, कारण मास्तराला दोरी ओढताना इंग्रजीतही बोलता येते.

गाडी चालवायचा दुलीचंद. आमगावकडचा पोवार, माझ्याच वयाचा. त्याने आपल्या वाट्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचे शेत, मोठ्या भावाला कसायला दिली होती आणि नांगर सोडून स्टिअरिंग धरले होते. भावाने तेव्हा चार माणसांत म्हटले होते की हा मृगाच्या आत परत येऊन माझ्या बैलांमागे चालेल. दुलीचंदने ते विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, म्हणून दर दोन दिवसांनी तो ते मला सांगे. शेठजींच्या गोदामामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. खाकी शर्टाला तो तांब्यात निखारे घालून इस्त्री करी. गावी गेला की शर्ट घालूनच जाई, लग्न असो की मौत.

आणि त्या मे महिन्यात यंत्र बिघडले. मार्चमध्ये नागपूरहून आणले तेव्हा दुलीचंदच्या म्हणण्याप्रमाणे मानेवर काटा येत होता. मेमध्ये शेठजी बसले की गाडीत कोंडल्यासारखे व्हायचे. ओलसर, जड, भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी वाफ. शेठजी उपरण्याने वारा घेत, मी दोरी ओढी आणि दुलीचंद आरशात आमच्याकडे बघत नसल्याचे दाखवी. अशातच नागपूरचे एक मोठे साहेब जंगल आणि फड्या पाहायला येणार असे ठरले. शेठजींनी त्यांना कळवून टाकले होते की गोंदिया स्टेशनापासून देवरीपर्यंत आपल्याला उन्हाळा लागणार नाही. मग त्यांनी दुलीचंदला बोलावून शांतपणे सांगितले की साहेबांच्या दिवशी मशीन चालली नाही, तर नागपूरहून दुसरा ड्रायव्हर येईल. रागावले असते तर बरे झाले असते. रागातले शब्द विसरले जातात.

दहा-बारा दिवस होते. दुलीचंदने बिघाड शोधायला घेतला. आधी पाण्यावर संशय. विहिरीचे टाकले, तलावाचे टाकले, मग गोंदियाहून लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फ आणून टाकला. बर्फ आमगावपर्यंत पोचायच्या आत विरघळला आणि शेठजींच्या धोतरावर ठिबकला. मग वाळ्यावर संशय. जुना काढून नवा भरला, तेव्हा गाडीला फार चांगला वास आला. त्या वासात आम्ही पूर्वीइतकेच उकडलो. मग गुंडाळीच्या दांड्यात वंगण. मग लिंबू-मिरची. मग गोंदियाचा एक उस्ताद, जो ट्रकांच्या इंजिनाला कान लावून आवाजावरून दुखणे ओळखायचा. त्याने नळकांडे खोलले, जोडले, तीन ठिकाणी टिचक्या मारून पाहिले आणि सांगितले की हे विलायती यंत्र आहे, याला इथली हवा मानवत नाही. बिघाड सापडला नाही की हवा-पाण्यावर टाकायचा, ही पद्धत मी डॉक्टरांतही पाहिली आहे.

एकदा फडीवर चहा घेताना दुलीचंदने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून मला सांगितले, "मी एकटा रिकामी आणतो तवा बरफावानी गार रायते, गुरुजी. शेठजी बसले का भट्टी होते. आता हे मी त्यायले कोणत्या तोंडानं सांगू?"

मला हसू आले. त्याला आले नाही. पण गोष्ट खरी होती, आणि शेठजींचा देहही मोठा होता. आम्ही दोघांनी मग गंभीरपणे विचार केला की एका माणसाच्या अंगातून किती ऊब निघत असेल. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. मी त्याला शरीराच्या उष्णतेवर बरेच काही सांगितले आणि ते सगळे बरोबर होते. त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो सोमाजीचा. सोमाजी फडीवर पानांना पाणी मारायचा. हा म्हातारा त्या कामात चाळीस वर्षे घालवून बसला होता. पाणी किती मारायचे हे त्याच्या हाताला कळे. कमी झाले तर पान चुरते, जास्त झाले तर काळे पडते. त्या दुपारी त्याने एक भरलेला बोरा उघडायला लावला. आदल्या दिवशी कोणीतरी ओली पाने दाबून भरून तोंड शिवून टाकले होते. मी वहीत ती नोंद करायला गेलो, तर त्याने माझा हात धरून बोऱ्यात घातला. आतली पाने गरम होती, तापल्या अंगासारखी.

"ओल्या पानाले कोंडलं का ते तापते," तो म्हणाला. "त्याले हवा पायजे. एकीकडून यावं, दुसरीकडून जावं."

दुलीचंद बाजूला मडगार्ड पुसत होता. त्याचा फडक्याचा हात थांबला. सोमाजीने त्याच्याकडे बघून अगदी सहज विचारले, "तुमी बी गाडीत ओली हवा भरून राहिले ना? मंग तिले जाऊ कोठून देता गा?"

"कोठूनच नाही," दुलीचंद म्हणाला.

मग तो फडके टाकून खाली मातीत बसला. रिकामी गाडी आणताना तो आपल्या बाजूची काच उघडी टाकून कोपर बाहेर काढून चालवायचा. शेठजी बसले की पहिला हुकूम सगळ्या काचा वर. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. आत येणाऱ्या वाऱ्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो आतच येत नव्हता. आम्ही तिघे आपापल्या घामाची वाफ घेत बसलो होतो.

आता सांगताना हे कोणालाही सुचले असते असे वाटते. पण आमच्याकडे कोणाला सुचले नसते. आमच्या मुलखात चैत्र लागला की सकाळी दहाला दारे-खिडक्या लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि घर अंधार करून संध्याकाळपर्यंत बसायचे. भर दुपारी खिडकी उघडणाऱ्या माणसाला आमच्याकडे एक तर पाहुणा समजतात नाही तर वेडा. उन्हापासून वाचायचे म्हणजे बंद करायचे, हे आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. माझी पदवी, उस्तादाचे कान आणि शेठजींचा हुकूम, सगळे एकाच बंद खोलीत वाढलेले होते. सोमाजी मात्र उघड्यावर राहायचा.

त्याच संध्याकाळी आम्ही समोरची उजवी काच दोन बोटे खाली करून देवरीपर्यंत गेलो. मी दोरी ओढली. वाळ्याचा ओला वास घेऊन वारा आत आला, खांद्यावरून गेला, आणि माझ्या मानेवर काटा आला. रस्ता खराब नसतानाही दुलीचंद, जणू देवरी लवकर येऊ नये म्हणून, फार हळू चालवू लागला होता.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले तेव्हा त्याने त्यांना सांगितले. काच दोन बोटे उघडी ठेवायची, एवढेच. शेठजींनी ऐकून घेतले. मग विचारले, "काच खुली रखनी है तो मशीन किसलिए लटकाई?"

दुलीचंदने वाऱ्याचे समजावून पाहिले. मी सोमाजीच्या पानांचे सांगून पाहिले. शेठजी म्हणाले की उघड्या काचेची गाडी तर सगळ्यांकडे असते. ते चुकत होते असेही मला म्हणता येईना. गारवा त्यांना नकोच होता. त्यांना बंद काच हवी होती, बाहेरून दिसणारी, आणि तिच्या आत गार बसलेले साहेब. माणसाला नेमके काय हवे आहे हे कळले की त्याच्याशी वाद घालणे फार दमवणारे होते. हुकूम झाला की साहेबांच्या दिवशी एकही काच हलणार नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी फडीवर पोचलो, तर दुलीचंद गाडीच्या समोरच्या बाकाखाली डोके घालून आडवा झालेला. त्या जुन्या गाडीचा तळ लाकडी फळ्यांचा होता. त्याने आपल्या पायांपाशी, क्लचच्या बाजूला, तळहाताएवढे भोक पाडले होते. फळीचा तुकडा त्याने माझ्याकडे दिला, जणू मी तो कुठेतरी जपून ठेवणार आहे. मालकाच्या गाडीला भोक. मी म्हटले, हे शेठजींनी पाहिले तर? तुझी नोकरी जायला साहेबांपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

"भोक कोणाले दिसत नाही जी," तो म्हणाला. "काच दिसते."

मागच्या बाजूला का नाही पाडलेस, असे मी विचारले. तर म्हणाला की तिथे साहेबाचे पाय येतात, धूळ उडेल.

साहेब नागपूरहून रेल्वेने आले. स्टेशनवर हार झाले. मागच्या बाकावर एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला शेठजी आणि मधे दोरी घेऊन मी. चारी काचा वर, डावीकडची नळकांड्याला टेकेपर्यंत. गाडी गावाबाहेर पडून वेग घेईपर्यंत मी नुसतीच दोरी ओढत होतो. मग वारा आला. वाळ्याचा वास आला. साहेब देशाच्या प्रगतीवर दोन वाक्ये बोलले, वनसंपत्तीवर एक, आणि आमगाव यायच्या आत झोपले. तोंड किंचित उघडे, हार तसाच गळ्यात. शेठजींनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. गारव्याचा याहून मोठा पुरावा त्यांना नको होता.

फडीवर सगळे रांगेत उभे होते. सोमाजीने नवे धोतर नेसले होते. बायकांच्या हातांत पुडे होते, दाखवायला. गाडी आली आणि साहेब उठेनात. आता गाडी थांबवली तर वारा थांबणार, वारा थांबला तर गारवा थांबणार, आणि साहेब जागे होतील ते घामाने. शेठजींनी ओठांवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने दुलीचंदला खूण केली की चालव. त्याने फडीला फेरी मारली. पुन्हा खूण झाली. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. दर फेरीला त्याच रांगेतली तीच माणसे खिडकीतून सरकत जात आणि नमस्कार करत. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी नमस्कार सोडला. पाचवीनंतर बायका खाली बसल्या. लाल धूळ उठून वाळत्या पानांवर बसत होती आणि सोमाजी तिकडे बघत उभा होता. पाहणी अशा रीतीने पूर्ण झाली. पुढे अहवालात फडीची व्यवस्था समाधानकारक असल्याचे लिहून आले.

देवरीच्या विश्रामगृहापाशी साहेब जागे झाले. "गारवा थोडा जास्तच होता," ते म्हणाले. शेठजींनी पायऱ्या चढायच्या आधी दुलीचंदच्या पाठीवर थाप मारली. "मैं तो पहले से कह रहा था, काच बंद रखो."

ते आत गेले. दुलीचंद गाडीतून उतरला तेव्हा मी त्याचे पाय पाहिले. गुडघ्यापर्यंत लाल. हळू फेऱ्यांमध्ये आतला वारा कमी पडला होता आणि इंजिनाची झळ आणि चाकांची धूळ त्या भोकातून सरळ वर आली होती. डाव्या पायाचा घोटा भाजल्यासारखा झाला होता. तो विहिरीवर गेला, पायांवर दोन बादल्या ओतल्या, आणि काठावर बसला. मी शेजारी बसलो. त्याने विचारले की मृगाला किती दिवस राहिले. मी बोटांवर मोजून सांगितले. तो म्हणाला, "मंग राहिलो मी." त्या मृगात त्याच्या भावाच्या बैलांमागे दुसराच कोणी चालला.

मेकॅनिकचे काम झाले. जोड बदलला, गॅस भरला. परत येताना माझा हात सवयीने काचेच्या बटणावर गेला आणि काच दोन बोटे खाली आली. गाडी न्यायला आलेला जावई म्हणाला, "मामाजी, एसी चालू आहे, काच लावा." मी लावली. गाडी गार झाली. सोमाजीचे शहाणपण या गाडीला लागू नाही. एवढ्या वर्षांत मला जे एकच तांत्रिक ज्ञान मिळाले होते ते असे गेले, आणि मला फार वाईटही वाटले नाही. थकलेल्या माणसाला कोणी तरी काच लाव म्हटलेले बरे वाटते.

दुलीचंदने शेठजींकडे पुढे बरीच वर्षे गाडी चालवली. ती गाडी मात्र नाही. ती शेठजींनी पुढच्याच हंगामाआधी तिरोड्याच्या एका व्यापाऱ्याला विकली, यंत्रासकट. व्यापारी वस्तूची काळजी घेणारा माणूस होता. त्याला पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरच्या पायांपाशी भोक सापडले, आणि त्याने वरून पत्रा ठोकून ते पक्के बुजवून घेतले. दुसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला की गार हवेचे यंत्र बिघडले आहे. शेठजींनी दुलीचंदला पाठवले. तो जाऊन पाहून आला. यंत्रात काही बिघाड नव्हता.